कापसावरील आयात शुल्क संसदेविना कसे माफ होते?

प्रश्न (काटोल रोड, नागपूर): केंद्राने १९ ऑगस्ट २०२५ पासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क नुसत्या अधिसूचनेने माफ केले आणि ही सवलत पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली. हे कायद्यात कसे बसते?

उत्तर १: सीमाशुल्क अधिनियम १९६२ च्या कलम २५ नुसार सार्वजनिक हितासाठी सूट देण्याचा अधिकार संसदेनेच सरकारला दिलेला आहे.

उत्तर २: कायद्याचे ठीक, पण मुदत पाहा. विदर्भात वेचणी दसरा-दिवाळीच्या सुमारास सुरू होते, म्हणजे ऐन हंगामात बाहेरच्या गाठी स्वस्त झाल्या. लांब धाग्याचा हमीभाव २०२५-२६ च्या हंगामात क्विंटलला ८,११० रुपये होता, तरी १२ टक्क्यांहून अधिक ओलाव्याचा कापूस सीसीआय (हमीभावाने कापूस खरेदी करणारे केंद्राचे महामंडळ) घेत नाही. मग व्यापारी म्हणेल तो भाव.

उत्तर ३: ट्रम्प यांच्या आदेशांमुळे २७ ऑगस्टपासून भारतीय कपड्यांवर अमेरिकेत ५० टक्के शुल्क लागले, ही गिरण्यांची अडचणही खरीच होती.