वृद्धाश्रमाचे शुल्क वाढते आहे, देखभाल मात्र घटते आहे. तक्रार कोठे करावी?

प्रश्न (मूळच्या जळगावच्या, सध्या पुणे)

अर्धांगवायूमुळे अंथरुणाला खिळलेल्या माझ्या आत्याबाई जळगावजवळच्या एका खाजगी वृद्धाश्रमात आहेत. दाखल करताना ठरलेले मासिक शुल्क आतापर्यंत दोनदा वाढवण्यात आले. डायपर, औषधे आणि ‘विशेष देखभाल’ यांची आकारणी वेगळी असते, आणि अनामत रकमेची पावती मागितली की व्यवस्थापक विषय बदलतात. मे महिन्यात भेटीला गेले तेव्हा कूलर बंद होता, बिलात मात्र ‘कूलर शुल्क’ लावलेले होते. पाण्याचा तांब्या त्यांच्या लुळ्या हाताच्या बाजूला ठेवलेला होता. कूस वळवून पाहिले, तर माकडहाडापाशी रुपयाएवढी जखम दिसली. दाद कोणाकडे मागावी?

उत्तर (निवृत्त परिचारिका, भुसावळ)

ताई, आधी जखम डॉक्टरांना दाखवा आणि त्यांचा लेखी अभिप्राय घ्या. अंथरुणावरच्या रुग्णाची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलावी लागते व ओला डायपर अंगावर राहू देता येत नाही. त्यामुळे अशा जागी बेडसोर (सतत पडून राहिल्याने होणारी जखम) झाला, की माणसे कमी ठेवून पैसा वाचवला जात असल्याची शंका मला प्रथम येते. भेटीच्या वेळी तीन-चार मावशी लगबगीने फिरताना दिसतात, पण रात्री अख्ख्या मजल्याला एकच, तीही प्रशिक्षण नसलेली, असे मी स्वतः पाहिले आहे. नफा तिथेच निघतो. न कळवता रात्री जा, कूस बदलल्याची नोंदवही मागा आणि जखमेचे छायाचित्र तारखेसह ठेवा.

उत्तर (वकील, धुळे)

मोबदला घेऊन दिलेली सेवा असल्याने ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार करता येते आणि त्यासाठी वकील दिलाच पाहिजे असे नाही. असहाय व्यक्तीची सेवा करण्याचा करार करून ती जाणूनबुजून टाळणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५७ खाली गुन्हा आहे. मात्र त्याची शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, इतकीच आहे, आणि माझ्या मते ती फार तोकडी आहे. संस्था सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेली असेल, तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही अर्ज द्यावा.

अनेक जण प्रांतांकडे (उपविभागीय अधिकाऱ्यांकडे) धाव घेतात; परंतु ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या २००७ च्या कायद्याखालील त्यांचे न्यायाधिकरण मुख्यतः मुलांकडून व नातेवाइकांकडून निर्वाहखर्च मिळवून देण्यासाठी आहे. खाजगी वृद्धाश्रमांची नोंदणी सक्तीची करणारे दुरुस्ती विधेयक २०१९ मध्ये लोकसभेत मांडले गेले, ते मंजूर झाले नाही, आणि वर्षानुवर्षे कोणी तपासायलाच येत नाही हे या चालकांना पक्के ठाऊक आहे.

उत्तर (अमळनेर)

वरील सल्ल्यात एवढीच भर घालतो, की आत्याबाई तेथे आहेत तोवर रागाने शुल्क थांबवू नका, कारण त्याचा त्रास त्यांनाच होईल. दुसरी जागा आधी पक्की करा. मग अनामत परत मागणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवा. यापुढे रोख रक्कम देऊच नका. ज्येष्ठांसाठीच्या १४५६७ या निःशुल्क हेल्पलाइनवरही आजच तक्रार नोंदवा.