पिल्लू घ्यायचंय, पण यावेळी फसायचं नाही

मन्याडकाठचा:
राहायला अहमदपूरला, एसटीत वाहक आहे. मागच्या पावसाळ्यात संभाजीनगरहून येताना एका दुकानातून लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलं, आठ हजाराला. "पंचेचाळीस दिवसांचं आहे, लस झालीय" म्हणाला. कार्डावर निळ्या पेनाची नुसती सही. चौथ्या दिवशी उलट्या, मग रक्ताची हगवण. डॉक्टर म्हणाले पार्वो. सातव्या दिवशी गेलं. लेकीनं त्याला स्वतःच्या जुन्या फ्रॉकवर निजवलं होतं, तो फ्रॉकही त्याच्यासोबत पुरला.

आता लेक नववीत आहे, पुन्हा मागं लागलीय. मोबाईलवर एकजण हस्की देऊ लालाय. आई-बाप दाखवता येणार नाहीत, निम्मे पैसे आधी टाका, पिल्लू ट्रॅव्हल्सनं पाठवतो म्हणतो. त्यानं धाडलेला फोटो मी दुसऱ्याच एका जाहिरातीत बघितला, सोफासुद्धा तोच! तर खात्रीचं पिल्लू कुठं मिळेल? दोन खोल्या आणि पुढं पत्र्याचं शेड आहे. माझी दिवसाआड मुक्कामी गाडी असते.

उदगीरची डॉक्टरीण:
पैसे टाकू नका. आणि लातूरच्या मे महिन्यात हस्की? त्याच्या अंगावर दुहेरी केसांचं कांबळं असतं हो.

पंचेचाळीस दिवस म्हणजे साडेसहा आठवडे. 2017 च्या श्वान प्रजनन नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकताच येत नाही. ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी लागते, ते प्रमाणपत्र मागा. पण कागदापेक्षा मी आईला बघते. ती कुठं राहते, हाडं दिसतात का, माणूस आला की शेपूट हलवते की कोपऱ्यात दबते. "आई गावाकडं आहे" असं म्हणणाऱ्याकडं पाच जातींची पिल्लं असली, तर तो पाळणारा नाही, व्यापारी आहे. पिल्लू भावंडांत राहिलं की चावा किती जोरात घ्यायचा तेही तिथंच शिकतं.

लसीच्या कार्डावर बाटलीचं स्टिकर हवं, बॅच नंबरासकट. पहिला डोस सहा ते आठ आठवड्यांत, मग तीन-चार आठवड्यांनी पुढचे, सोळाव्या आठवड्यापर्यंत. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर.

तुमच्यासाठी खास: पार्वोचा विषाणू महिनोन् महिने टिकतो आणि फिनाइलनं मरत नाही. फरशी, भांडी ब्लीचच्या पाण्यानं धुवा. शेडात माती असेल तर डोस पूर्ण होईस्तोवर पिल्लू तिथं सोडू नका.

चाकूरचा कारवानीवाला:
आमच्या जानवळ भागात कारवानी जातीची कुत्री आहेत, पण दोन खोल्यांत मी देणार नाही, राग मानू नका. ते पळायचं कुत्रं आहे. बांधून ठेवलं की आधी दोर खातंय, मग स्वतःचं शेपूट. मला विचारायला येणाऱ्याला मी आधी विचारतो, रान किती? नांदेडकडच्या माळेगावच्या यात्रेत पिल्लं दिसतील. तिथं हौस भागवा, गाव विचारून घ्या आणि नंतर त्या गावाला जाऊन बघा. गर्दीत पैसे काढू नका.

गोदाकाठ:
दादा, परभणीला आमच्या गल्लीत सिमेंटच्या नळ्यात एक कुत्री व्यालीय. गावठी. पाच होती, एक गाडीखाली गेलं. मी त्यांना दूध-भाकरी घालते. फुकट देईन, पण दोन अटी. मोठं झालं की नसबंदी करायची, आणि तुम्ही मुक्कामी असता तेव्हा त्याला कोण बघणार ते आधी सांगायचं. आईची नसबंदीही करून घेणार आहे, पण पिल्लं अंगावरची सुटल्यावर.

बीडचा बाप्पा:
गावठी राखणीला चांगलं, पण चावलं तर?

गोदाकाठ:
बाप्पा, हजारोंचंही चावतंय.

मन्याडकाठचा:
परवा सुट्टी टाकून लेकीला घेऊन गंगाखेडमार्गे परभणीला जाऊन आलो. आई आधी गुरगुरली, ताईंनी हाक मारल्यावर शांत बसली. एक तांबडं पिल्लू, पुढचा एक पाय पांढरा, लेकीच्या चपलेचा पट्टा सोडीना. ठरलं! पण ती पाचच आठवड्यांची आहेत, म्हणून रिकाम्या हातानं परत आलो. लेक गंगाखेडपर्यंत बोलली नाही.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर: मी मुक्कामी असलो की बायको बघेल, ती दिवसभर घरीच असते. माझ्या आईचं म्हणणं होतं, कुत्रं चुलीजवळ आलेलं चालणार नाही. काल ड्यूटीवरून आलो तर तिनंच दाराच्या आतल्या बाजूला पोतं घडी करून टाकलेलं. अजून तीन आठवडे आहेत म्हटलं, तर म्हणे, "असू दे. पोत्याला काय खायला लागतंय?"