मदत हवी आहे: 'अक्यूट'ला मराठी शब्द

कोरापान: 'अक्यूट' चार ठिकाणी आलाय, 'तीव्र' सगळीकडे बसत नाही. एकच शब्द हवा. मूळ अर्थ सांगितलात तरी चालेल. मजकूर आजच द्यायचाय, लवकर सांगा.

निळीशाई: कुठली चार ठिकाणं? वाक्यं टाका की. भूमितीत लघुकोन, तिथे प्रश्नच नाही.

रात्रपाळी: मी नर्स आहे. आजारासाठी 'तीव्र' लिहूच नका. अक्यूट म्हणजे अचानक सुरू झालेला, थोडा काळ टिकणारा. साधी सर्दीसुद्धा अक्यूटच. हिपॅटायटिस बी 6 महिन्यांपुढे राहिला की क्रॉनिक म्हणतात. 'तीव्र' वाचून नातेवाईक उगाच घाबरतात. आणि मग सिव्हिअरला काय म्हणाल?

चिरंतन: आयुर्वेदात आशुकारी (झपाट्याने वाढणारा)-चिरकारी (रेंगाळणारा) ही जोडी तयार आहे. तीच वापरा.

रात्रपाळी: अहो, पण वाचणाऱ्याला आशुकारी कळायला हवं ना! 'अचानक उद्भवलेला' लिहा, कुणालाही समजेल.

चिरंतन: वापरलाच नाही तर कळणार कसा? लघुकोनही शाळेतच शिकलो ना आपण?

निळीशाई: मूळ विचारलंय म्हणून सांगतो. लॅटिन 'आकूतुस' म्हणजे धार लावलेला, टोकदार. सुईला 'आकुस', अ‍ॅक्युपंक्चर त्यातलंच. ग्रीकांचा त्याच अर्थाचा शब्द 'ऑक्सिस'. युक्लिडचा लघुकोन ऑक्सिस, चढ्या सुराचं आघातचिन्ह ऑक्सिस, हिपोक्रेटिसच्या परंपरेतले झपाट्याने वाढणारे आजारही ऑक्सिस. फ्रेंच अक्षरावरची 'अक्यूट' नावाची तिरकी रेघ (é) तिथूनच आली.

पाटीपेन्सिल: ऑक्सिजनमध्येही तोच 'ऑक्सिस', इथे अर्थ आंबट! आम्लं या वायूमुळे होतात असं फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लावाझिएला वाटलं, म्हणून ते नाव. आणि आपला 'चौरस' चतुरस्रवरून आलाय. त्यातला 'अस्र' म्हणजे कोपरा, तोही याच 'टोकदार' अर्थाच्या मूळ धातूपासूनचा.

तिन्हीसांजा: क्रॉनिकला 'जुनाट' छान वाटतो.

रात्रपाळी: ते विचारलंच नाहीये हो. कोरापान, वाक्यं कुठायत?

कोरापान: कोन आणि आजार झाले. रेघेला 'अक्यूट चिन्ह'च ठेवते. उरलं रसायनाच्या माहितीपत्रातलं 'अक्यूट टॉक्सिसिटी'.

निळीशाई: हे आधी सांगायचं होतं! तिथे एकदाच किंवा 24 तासांच्या आत दिलेल्या मात्रेचा परिणाम मोजतात, प्राण्यांवरच्या चाचणीत सहसा 14 दिवस लक्ष ठेवतात. 'तात्कालिक विषाक्तता' लिहा. एकच शब्द चारही ठिकाणी नाही चालायचा.

चिरंतन: आशुविषाक्तता!

कोरापान: 'तात्कालिक' घेतला. आजाराला 'अचानक उद्भवलेला'. पण तो तक्त्याच्या रकान्यात मावत नाहीये, आखूड काही आहे का?