पक्या, पश्या आणि 'या'चा नियम

"पहिलं अक्षर घ्या, 'या' जोडा, झालं टोपणनाव" असा मराठी टोपणनावांचा नियम सांगतात, तो अर्धाच खरा. पहिल्या अक्षरासोबत पुढचं व्यंजनही येतं: सचिनचा सच्या, दिनेशचा दिन्या. सुरुवातीला जोडाक्षर असेल तर त्यातला र गळतो, म्हणून प्रकाशचा पक्या आणि प्रशांतचा पश्या. पहिलं अक्षर दीर्घ असलं की नियम डळमळतो. राजेशचा राज्या होतो, पण राहुलचा राहुल्या आणि सागरचा सागऱ्या. शिवाजीचा मात्र 'शिव्या' करायला कुणी धजत नाही, तिथे शिवा! खरी पंचाईत वर्गात होते: अनिल, अनंत, अनिकेत तिघेही अन्याच. मग ढापण्या अन्या, लंबू अन्या असं विशेषण चिकटतं, आणि महिन्याभरात अन्या गळून नुसता ढापण्या उरतो.

ऑफिसात हाच 'या' आडनावाला लागतो. समोर देशपांडे साहेब, चहाच्या टपरीवर देशपांड्या. यात दरवेळी राग असतोच असं नाही, तेंडुलकरला तेंडल्या म्हणणारे त्याच्यावर जीवच टाकत होते. मुलींना 'या'ऐवजी 'ई': वंदनाची वंदी, सुनीताची सुनी.

आणि एक, काही जण 'सुर्या' लिहितात. सुरेशचा तो सुऱ्या. टंकताना साधा र नको, खाली टिंब असलेला ऱ घ्या, मग हलन्त, मग या. नाहीतर रफार वर चढतो आणि सुरेशचा सूर्य होतो.