खरखरीत आवाज आणि करारातली अट
वू-टँग क्लॅन या अमेरिकन रॅप ग्रुपच्या 'एंटर द वू-टँग' या पहिल्या अल्बमचा खरखरीत आवाज केवळ पैशांच्या टंचाईतून आला असं म्हटलं जातं, पण ते मत मला अर्धंच पटतं. स्टुडिओचं बजेट तुटपुंजं होतं हे खरंच. पण जुन्या सोल (कृष्णवर्णीय अमेरिकन लोकसंगीताच्या) रेकॉर्ड्सचे तुकडे आणि कुंगफू सिनेमांतले संवाद असे धुरकट, कच्चे ठेवायचे हा ग्रुपचा म्होरक्या आणि निर्माता रिझाचा कान होता. पुढे पैसा आल्यावरही त्याने तो सोडला नाही.

आवाजाबरोबर रेकॉर्ड कंपनीशी झालेल्या कराराचा विषयही काढायला हवा, कारण माझ्या मते या अल्बमचं मोठेपण तिथेही आहे. रिझा आणि ग्रुपमधलाच जिझा या नात्यातल्या दोघा भावांनी (सख्ख्या नव्हे) १९९१ साली वेगवेगळ्या कंपन्यांकडून एकेकट्याने रेकॉर्ड काढून पाहिले होते, आणि दोन्ही पडले. त्यामुळे लाउड रेकॉर्ड्स या कंपनीशी बोलणी करताना रिझाने अट घातली: ग्रुप तुमचा, पण प्रत्येक सभासद सोलो अल्बमसाठी हव्या त्या कंपनीकडे जाईल. १९९३च्या नोव्हेंबरात अल्बम आला आणि मग सभासदांपैकी मेथड मॅन डेफ जॅमकडे, ओल्ड डर्टी बास्टर्ड इलेक्ट्राकडे, जिझा गेफेनकडे गेला. रेक्वॉन लाउडकडेच राहिला. म्हणजे एका ग्रुपच्या नावाचा गाजावाजा एकमेकांच्या स्पर्धक कंपन्या आपापल्या खर्चाने करत होत्या! त्या काळात नवख्या पोरांनी हे पदरात पाडून घेणं फार मोठी गोष्ट आहे. याच अल्बमच्या 'प्रोटेक्ट या नेक' गाण्यातलं जिझाचं शेवटचं कडवं हे लक्षात ठेवून पुन्हा ऐका, रेकॉर्ड कंपन्यांवरचा त्याचा सगळा राग त्यात आहे.