घरच्या घरी शिवण आणि कागदकाम – अगदी नवशिक्यांसाठी काय सुचवाल?

अर्धीवाटी
नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या जागी असेल तर हलवा प्लीज.

तर झालंय असं की दिवाळीची सुट्टी लागलीय, लेक ९ वर्षांची, आणि "आई काहीतरी करूया ना" हे दिवसातून चाळीस वेळा. गेल्या सुट्टीत एक क्राफ्टचं किट मागवलं होतं, त्यात निम्म्या वस्तू नव्हत्याच आणि उरलेलं सगळं नुसतं चिकटवायचं, अर्ध्या तासात खेळ खल्लास. यंदा म्हटलं घरात जे आहे तेच काढू. घरात आहे काय तर सासूबाईंचं काळं पायाचं मशीन (पंधरा वर्षं त्यावर फक्त इस्त्रीचे कपडे बसतात), त्यांच्या ६-७ जुन्या सुती साड्या, एक पिशवीभर लग्नपत्रिका कारण सासरे एकही पत्रिका टाकू देत नाहीत, आणि जुनी कॅलेंडरं.

मला शिवणातलं येतं काय तर बटण लावता येतं, आणि एकदा साडीला फॉल लावला होता, तो गोळा झाला. शिवाय जानेवारीत संक्रांतीचं हळदीकुंकू आहे, ३५ बायका तरी होतात, दरवर्षी ते प्लॅस्टिकचे डबे वाण म्हणून वाटायचा आता वीट आलाय. हाताने केलेलं काही जमेल का तोपर्यंत? सोप्पं सांगा पण, यूट्यूबवर सगळ्यांचे हात कसे भराभर चालतात, बघूनच दमायला होतं.

आगाऊ_कार्टा
सामान आणायला जाल, हजाराचं सामान येईल, त्यातून शंभराची पिशवी तयार होईल. आमच्या घरचा अनुभव. दिवे घ्या (म्हणजे हलकेच घ्या).

बॉबिनकेस
आगाऊ, तिने घरातलंच म्हटलंय ना, वाचा की नीट :)

अर्धीवाटी, पिशवीबिशवी नंतर, आधी मशीनकडे बघ. जिथे जिथे तेलाचं भोक आहे तिथे मशीनचं तेल दोन दोन थेंब (खोबरेल अजिबात नको, ते थिजतं आणि मग मशीन जाम), रात्रभर ठेव, सकाळी चिंधीवर बिनदोऱ्याचं पाच मिनिटं चालव, काळं तेल बाहेर येईल ते येऊ दे. सुई बदलच. जुन्या सुती साडीला १४ नंबर, अगदी मलमलीसारखी पातळ असेल तर ११, जीन्स बिन्स असेल तर १६. सुईला एका बाजूने लांब खाच असते, ज्या बाजूने दोरा ओवायचा त्या बाजूला ती खाच आली पाहिजे आणि सपाट बाजू पलीकडे. हे उलटं झालं तर मशीन टाकेच सोडतं आणि आपण दोष देतो मशीनला. पट्टा सैल झाला असेल तर थोडासा कापून परत क्लिप लावायची.

आणि आता महत्त्वाचं, पहिले दोन दिवस कापड घ्यायचंच नाही. वहीचं रेघांचं पान घ्यायचं, दोरा न ओवता, आणि त्या छापील रेघेवरून मशीन चालवायचं. भोकांची ओळ रेघेवर पडली पाहिजे. मग चौकोन, मग गोल. आमच्या क्लासच्या बाईंनी आठवडाभर हेच करून घेतलं होतं, रडायला यायचं तेव्हा, पण पाय आणि हात एका तालात यायला दुसरा उपाय नाही. चाक नेहमी आपल्याकडे फिरवून सुरुवात करायची, उलटं फिरलं की दोरा गुंततोच. कागदाने सुई बोथट होते म्हणून हे जुन्या सुईवर करायचं आणि मग नवी लावायची. लेकीलाही बसव, तिचा पाय पुरत नसेल तर ती कागद धरेल, तू पाय मार. बोटं सुईपासून लांब मात्र.

अर्धीवाटी
अय्या बिनदोऱ्याचं! हे सुचलंच नसतं कधी. म्हणजे कागद आणि शिवण दोन्ही एकदम झालं की.

खानदेशी_मिरची
बॉबिनकेसला अनुमोदन. रेघ सरळ आली की पहिली वस्तू भाजीची पिशवी, दुसरं काही नको. सगळ्या सरळ शिलाया, चुकलं तरी बटाटे काही बोलत नाहीत.

माप लिहून घे. १५ इंच बाय ३४ इंच असा एक लांब तुकडा. ३४ ची बाजू मधोमध दुमडायची, म्हणजे तळाला जोडच नाही. आधी वरच्या दोन्ही काठांना एक एक इंच दुमड घालून टीप मारायची, मग दोन्ही बाजू अर्धा इंच सोडून शिवायच्या. १४ बाय १६ ची पिशवी झाली. आता सुती साडीचे धागे सुटतात आणि ते दुधीच्या देठात अडकतात म्हणून मी काय करते, आधी सुलट बाजू बाहेर ठेवून पाव इंचावर टीप, मग पिशवी उलटी करून त्याच कडेवर परत पाव इंचाहून जरा जास्तवर टीप. पहिली कड आत कोंडली जाते, धागा सुटायचा प्रश्नच नाही. बंदासाठी ४ इंच रुंद २४ इंच लांब पट्टी, दोन्ही कडा मध्याला आणायच्या, परत दुमडायची, चार पदरी एक इंचाचा बंद. असे दोन. लावताना फुलीचा चौकोन (चौकोनी टीप आणि आत फुली) शिवायचा, नुसती एक टीप घातलीस तर कांदे घेतल्यावर बंद हातात आणि पिशवी रस्त्यावर.

तळ पसरट हवा असेल तर पिशवी उलटी असताना खालचा कोपरा त्रिकोण करून धरायचा आणि टोकापासून दीड इंचावर आडवी टीप. दोन्ही कोपरे. ३ इंचाचा तळ मिळतो, पिशवी उभी राहते. उंची दीड इंच कमी होते हे लक्षात ठेव.

आणि साडी कातरत बसू नको!! सुती साडीला कातरीने नुसता एक छेद द्यायचा आणि टर्रकन फाडायची, धाग्यावर सरळ फाटते. हे लेकीला करू दे, तिला आवाजच आवडेल. पण आधी साडी उजेडात धरून बघ, बसायच्या जागी आणि खालच्या फॉलच्या कडेला विरलेली असते, तिथला तुकडा घेतलास तर पिशवी महिन्यात जाईल. पदर आणि निऱ्यांच्या आतली बाजू बहुतेक ठणठणीत असते.

डोंबिवली_फास्ट
साड्या कुठल्या आहेत ते सांगितलं नाहीत. इरकल वगैरे असेल तर कृपया कापू नका, आमच्या आईच्या इरकलीच्या काकूने उशा शिवल्या, आई अजून बोलत नाही तिच्याशी नीट.

बाकी सामान लागलंच तर पुण्यात असाल तर रविवार पेठ, बोहरी आळी. लेस, नाड्या, मणी, कागद सगळं घाऊकमध्ये. मुंबईत लेस-गोंड्यांना भुलेश्वर, कापडाला मंगलदास मार्केट. आणि दिवाळीआधी लेकीला माहीमच्या कंदील गल्लीत एक चक्कर मारून आणा, काही घ्यायचं नसलं तरी. कामट्या कशा बांधल्यात ते खालून बघायला मिळतं, मी तिथेच बघून शिकलो.

कागदी_होडी
आले आले, कागदवाले आले.

लग्नपत्रिका म्हणजे सोनं आहे ग. इतका जाड चांगला कागद विकत घ्यायला गेलीस तर महाग पडतो. तुझ्या लेकीला वही शिवायला शिकव, चिकटवायची नाही, शिवायची. ८ ए-फोर कागद एकावर एक, मधोमध दुमडले की १६ पानं, ३२ पृष्ठं. वर पत्रिकेचं कव्हर, पाव सेंटीमीटर मोठं. घडीवर तीन भोकं पाड, एक मधोमध आणि दोन वरखाली कडेपासून तीन बोटं आत, जाड सुईने किंवा दाभणाने, खाली जुनी पायपुसणी ठेवून. आता दोरा (गोधडीचा जाड दोरा, थोडं मेण चोळून) आतून मधल्या भोकातून बाहेर, बाहेरून वरच्या भोकात आत, आतल्या आत मधलं भोक सोडून थेट खालच्या भोकातून बाहेर, आणि बाहेरून परत मधल्या भोकात आत. दोन्ही टोकं आतल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना आली पाहिजेत, तो टाका मध्ये धरून गाठ मारायची. एका बाजूला आली तर गाठ सटकते. पहिल्यांदा हमखास येतात एका बाजूला, उसवायचं आणि परत.

कागदाला पण कापडासारखा उभा-आडवा पोत असतो. पत्रिका दोन्ही हातांनी हलकेच वाकवून बघ, एका दिशेने पटकन वाकते, दुसऱ्या दिशेने कुरकुरते. पटकन वाकते तीच दिशा घडीची. उलटं केलंस तर घडीवर तडे जातात आणि छपाईचा रंग उडतो.

चिकटवायला खळ कर, दोन चमचे मैदा एक कप गार पाण्यात गुठळी न होता कालवून मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत ढवळायची. जुने बाइंडर त्यात कसर लागू नये म्हणून मोरचूद घालायचे, ते विषारी आहे, तू घालू नको, त्यापेक्षा लागेल तेवढीच कर आणि दोन दिवसांत संपव. चिकटवल्यावर जाड पुस्तकांच्या ढिगाखाली रात्रभर. ओला कागद फुगतो आणि सुकताना ओढला जातो, वजन नसेल तर पुठ्ठा पापडासारखा वळतो.

कंदील पण करा. घोटीव कागद लांबीत दुमडून, दुमडीकडून चिरा, वरची बोटभर कड सोडून, उलगडून गोल चिकटवला की झाला, आपण सगळ्यांनी शाळेत केलाय. आत दुसऱ्या रंगाची सरळ नळी ठेव म्हणजे चिरांतून रंग दिसतो. दिवा एलईडीचाच, जुना पिवळा बल्ब तापतो.

आगाऊ_कार्टा
पत्रिकेवरच्या गणपतीचं काय करणार ते सांगा. त्यासाठीच टाकू देत नाहीत सासरे.

कागदी_होडी
बरोबर पकडलंत. आमच्याकडे गणपती आधी कापून बाजूला ठेवतो, मग बाकीची पत्रिका वापरायला मोकळी.

सोलकढी_इन_जर्सी
वाणासाठी पोटली! इथे आमच्या ग्रुपच्या हळदीकुंकवाला मी दोन वर्षं देतेय, आत तिळगूळ. माझ्याकडे मशीन नाही, सगळ्या हाताने, धावदोरा आणि दर चार टाक्यांनी एक मागचा टाका, टीव्ही बघता बघता होतात.

६ बाय १६ चा तुकडा, मधोमध दुमडून. आधी वरच्या दोन्ही कडा एकेक इंच आत दुमडून नाडीची नळी करून घ्यायची (नळीच्या तोंडाकडची कड पाव इंच आत मोडून मग, नाहीतर नाडीबरोबर धागे येतात बाहेर), आणि बाजू शिवताना नळीच्या खालीच थांबायचं. नाड्या दोन, १६-१६ इंचाच्या, एक डावीकडून पूर्ण फेरी मारून डावीकडेच बाहेर, दुसरी उजवीकडून. सेफ्टी पिनने ओवायची. मग दोन्हीकडून ओढलं की गप्पकन मिटते. एकच नाडी घातली तर तोंड वाकडं होतं.

हिशोब करून ठेवलाय माझ्याकडे. पाचवारी साडी धर साडेपाच मीटर, पन्हा ४४ इंच, आडवे ७ तुकडे आणि लांबीत १३, म्हणजे कागदावर ९१ पोटल्या. विरलेला भाग सोडला तरी ३५ एका साडीत आरामात. ३५ ला नाडी साडेअठ्ठावीस मीटर लागते, ३० घे. मी पहिल्या वर्षी नाडीचा हिशोबच केला नव्हता, शेवटच्या नऊ पोटल्यांना गिफ्टची रिबन लावली.

अर्धीवाटी
बाप रे किती लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू थँक्यू. डोंबिवली_फास्ट, इरकल एकच आहे, ती सासूबाईंनी धाग्याचं नाव ऐकूनच कपाटात वर ठेवली.

आठवड्याचा रिपोर्ट. मशीन चाललं!! आवाज येतो पण चाललं. रेघांच्या पानांची अख्खी वही संपवली, लेकीने भोकांच्या पानांवरून खालच्या कागदावर रंग टिपून नक्षी पण काढली, तो तिचाच शोध. मग पिशवी. १५ बाय ३४ फाडला, टर्रकन आवाजावर खूश होऊन लेकीने आणखी चार फाडले, असो. शिवली आणि बघते तर एक बंद पिळला गेलाय, लावताना एक वेढा राहिला मध्ये. फुलीचा चौकोन उसवायला पाऊण तास लागला, खानदेशी_मिरची तुमची फुली फारच मजबूत आहे. दुसरं म्हणजे खालच्या बाजूला दोऱ्याचं अक्षरशः घरटं होतंय, वरून टीप छान दिसते. बॉबिन (खालच्या दोऱ्याची रिळं) बदलून बघितली, तेच. काय करू?

बॉबिनकेस
घरटं खाली झालं तरी चूक वरच्या दोऱ्याची असते बहुतेक वेळा. तू फूट (कापड दाबून धरणारा मशीनचा पाय) खाली असताना दोरा ओवतेयस का? फूट खाली असला की टेन्शनच्या चकत्या एकमेकींना चिकटलेल्या असतात, दोरा त्यांच्यात शिरतच नाही, वरवर राहतो. फूट वर करून परत पहिल्यापासून ओव. आणि शिवायला सुरुवात करताना दोन्ही दोऱ्यांची टोकं मागे धरून ठेव पहिले तीन टाके.

अर्धीवाटी
तेच होतं!! फूट खालीच होता.

वह्या चार झाल्या. पहिलीची गाठ सटकली, कागदी_होडी म्हणाली तशीच, दोन्ही टोकं एकाच बाजूला. गणपती कापायचं खातं सासऱ्यांनी स्वतःकडे घेतलंय, चष्मा लावून बसतात, पण प्रत्येक पत्रिका आधी पूर्ण वाचतात आणि कोणाचं लग्न, जेवायला काय होतं हे सांगतात, त्यामुळे तासाला तीनच पत्रिका मोकळ्या होतात.

आणि पोटल्या. मी पाचवी शिवत होते, सासूबाई दाराशी उभ्या होत्या बराच वेळ, काही बोलल्या नाहीत, मग एकदम म्हणाल्या "सरक". संध्याकाळपर्यंत अकरा. आता मला फक्त नाड्या ओवायचं काम आहे. एकच शंका, नाडी सुती आहे, टोकं पिंजतात, मेणबत्तीवर धरू का?

सोलकढी_इन_जर्सी
सुती जळते ग, वितळत नाही, मेणबत्ती फक्त सॅटिन-नायलॉनला. गाठ मार आणि गाठीपुढे अर्धा इंच मुद्दाम पिंजून सोड, गोंड्यासारखं दिसतं.

आगाऊ_कार्टा
पिशवीचे जास्तीचे चार तुकडे फाडलेत त्याचं काय करणार? बायको विचारतेय, मी नाही.