घरी रायफल बनवायची तर आधी कुठली हत्यारं घ्यावीत?

खानापूरकर_पोरगा :

नमस्कार मंडळी. मी बेळगावजवळ मच्छेच्या एका कारखान्यात सीएनसी मशीनवर आहे, गाव खानापूर तालुक्यात. दिवाळीच्या बोनसातले पंधरा हजार अजून बाजूला आहेत. गेले सहा महिने अमेरिकेतल्या लोकांचे घरी रायफल जुळवायचे व्हिडिओ बघायलोय आणि डोकं फिरलंय. त्यांच्या टेबलावर असतं ते बघून यादी केलीय : मोठा बेंच व्हाइस, टॉर्क रेंच, पिना ठोकायचे पंच, छोटं ड्रिल मशीन, वर आणि पॉलिशिंगची मोटर.

घरात मामाची जुनी .१७७ इंची एअर रायफल आहे, नळी मोडून छर्रा भरायची. तिचा दस्ता, म्हणजे लाकडी भाग, मुठीपाशी चिरलाय, मामानं तांब्याची तार गुंडाळून तसाच ठेवलाय. आधी तिच्यावर हात बसवावा आणि मग स्वतःची रायफल करावी असा बेत आहे. कोडगूत (कुर्गात) घरोघरी बंदुका असतात म्हणतात, म्हणजे आपल्या कर्नाटकात एवढं कडक नसावं. पंधरा हजारांत आधी काय घेऊ, ड्रिल मशीन की टॉर्क रेंच?

चोर्ल्याचं_वळण :

आधी वकील घे. पंधरा हजारांत फार दिवस पुरणार नाही तो.

चेष्टा राहू दे. शस्त्र कायदा १९५९, कलम ५ : बंदूक बनवायला परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना बनवली तर किमान सात वर्षं, पुढं जन्मठेपेपर्यंत. कोडगूचं म्हणशील तर तिथल्या कोडव लोकांना बंदूक बाळगायला परवान्यातून सूट आहे. बनवायला नाही, आणि तुला तर दोन्हीला नाही. अमेरिकेत स्वतःपुरती रायफल जुळवायला मुभा आहे म्हणून ते बिनधास्त कॅमेऱ्यासमोर बसतात. मामाची एअर रायफल ४.५ मिलिमीटरची (तेच तुझं .१७७) आणि छर्र्याचा जोर २० ज्यूलच्या आतला असेल तर २०१६ च्या नियमांप्रमाणे तिला परवाना लागत नाही. तिच्यावर काय करायचं ते कर, जोर वाढवायच्या भानगडीत मात्र पडू नको.

पॅटर्नवाले_तात्या :

बाळा, वरच्यांनी सांगितलं ते खरं आहे. खरं, तेवढ्यावर सोडलं तर तू पंधरा हजार घेऊन ड्रिल मशीनच्या दुकानात जाशील, म्हणून लिहायलोय.

मी बेळगावच्या उद्यमबागेत पस्तीस वर्षं पॅटर्न मेकर होतो. फाउंड्रीत वाळूत साचा उठवायला आधी लाकडाची हुबेहूब वस्तू लागते, ती करणारा माणूस. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, गार होताना आखडतं, म्हणून आमची पट्टीसुद्धा वेगळी, तिच्यावरचे शंभर मिलिमीटर म्हणजे बाजारातल्या पट्टीचे एकशे एक. असल्या पट्टीवर आयुष्य गेलेल्या माणसाला लाकूड कळत असणार असं तुला वाटेल. मलाही वाटत होतं.

आपल्याकडं पटाशी पण हत्यार आणि बंदूक पण हत्यार. तू सुताराच्या अर्थानं हत्यारं घे, पोलिसाच्या अर्थानं नको. रायफलीत दोन अर्धी असतात, एक लोखंडाचं, एक लाकडाचं. लोखंडाचं अर्ध कारखान्याचं. त्याच्या सिलिंडरला हातसुद्धा लावू नको. आत दाबून बसवलेली स्प्रिंग असते, टोपी सुटली की सरळ तोंडावर येते. लाकडाचं अर्ध तुझं. मामाच्या रायफलीला नवा दस्ता कर. तुझ्या यादीतलं जवळजवळ काहीच त्याला लागत नाही, कारण ते लोक तयार भाग आणून जुळवतात. त्यांचं काम फिटरचं, तुझं सुताराचं.

आता माझी फजिती ऐक. शहापूरच्या एका मित्राची अशीच एअर रायफल होती. मी सागवानाचा झकास दस्ता केला, पॅटर्नसारखा गुळगुळीत. पंधरा दिवसांत मानेवर तुटला. मान म्हणजे आपण मुठीत धरतो तो बारीक भाग. बघितलं तर लाकडाच्या रेषा मानेत आडव्या गेलेल्या. पॅटर्नला धक्का बसत नाही, वाळूत नुसता दाबायचा असतो, त्यामुळं रेषा कुठंही गेल्या तरी आमचं अडत नव्हतं. स्प्रिंगच्या एअर रायफलीला तर दोन धक्के. आतला दट्ट्या (पिस्टन) पुढं सुटतो तेव्हा रायफल मागं येते, आणि तो टोकाला आपटला की पुढं झटका खाते. बंदुकीच्या धक्क्यापेक्षा हा लहान, खरं दोन्ही बाजूंनी. स्क्रू ढिले होतात ते यानंच.

म्हणून आधी लाकूड, मग हत्यार. पुठ्ठ्यावर दस्त्याचा आकार कापून घे आणि वखारीत फळीवर ठेवून फिरव, रेषा मानेतून लांबीच्या दिशेनं जातील असा. तसा बसत नसेल तर फळी कितीही देखणी असली तरी सोडून दे. अक्रोड हे दस्त्याचं नावाजलेलं लाकूड, खरं आपल्याकडं सहज मिळत नाही. शिसव ताकदीचा, पण जड. सागवान हलका आणि पाण्याला बरा, फक्त त्याच्यात वाळूसारखे कण असतात, पटाशीची धार खातो. मी आज केला तर जुन्या वाड्याची तुळई मोडलेला सागवान घेईन, वाळून वाळून शांत झालेला. तुझ्या गावच्या रानात शिसव उभा आहे म्हणून कुऱ्हाड घेऊन जाऊ नको. बंदुकीतून वाचलास आणि फॉरेस्टवाल्यांच्या हातात सापडलास असं व्हायचं. वखारीची पावती घे.

बाहेरचा आकार वखारीतच बँडसॉवर कापून घे, पाच मिनिटांचं काम. त्यापुढं मला लागली ती हत्यारं : ६ मिलिमीटरची पटाशी, २० ची एक, एक गोल पटाशी सिलिंडरच्या खाचेला, मरफा (लाकडाची खरबरीत कानस), अर्धगोल कानस, लाकडी मोगरी. संपलं. रंधा होता माझ्याकडं, फार वापरला नाही. स्क्रूची भोकं तेवढी उभ्या ड्रिलवर पाडून घे, हातानं तिरकी जातात. कारखान्यात नेऊ नको, गेटवर दस्ता काढून दाखवायला लागला तर सगळी शिफ्ट जमेल. एखाद्या सुताराकडं चहा पाज आणि पाडून घे.

पैसे घालायचेच असतील तर धार लावायच्या दगडावर घाल. नवी पटाशी दुकानातून येते तेव्हा तिला धार नसते, नुसता आकार असतो. तिची सपाट पाठ काचेवर पॉलिश पेपर चिकटवून घास, आरशासारखी होईपर्यंत. बोटं दुखतात, पहिल्या दिवशी कंटाळा येतो. बहुतेक पोरं इथंच सोडतात आणि मग लाकूड वाईट होतं म्हणून सांगत फिरतात.

आणि एक स्क्रू ड्रायव्हर. बंदुकीच्या स्क्रूची खाच अरुंद आणि सरळ असते, आपला घरातला ड्रायव्हर टोकाला पाचरीसारखा. जोर दिला की तो वर चढतो आणि खाचेचे कान मोडतो. जुना ड्रायव्हर घे, खाचेत घट्ट बसेपर्यंत टोक दोन्ही बाजूंनी सरळ घास. तुझ्या सीएनसीच्या हाताला हे कळेल. मामाच्या रायफलीचे स्क्रू आधीच कुणीतरी खाल्लेले असणार, लावतोस का पैज?

लोखंड बसायची खाच लाकडात कोरायची युक्ती घरातली आहे. काजळ खोबरेल तेलात कालवायचं, लोखंडाला खालून पातळ लावायचं, लाकडात दाबून उचलायचं. जिथं काळं लागलं तिथंच लाकूड अडतंय, तेवढंच खरवडायचं. पुन्हा लावायचं, पुन्हा दाबायचं. फिटर लोक निळा रंग लावून हेच करतात. मला तीन रविवार लागले आणि आमची मंडळी आठवडाभर काजळाची डबी शोधत होती. घाई केलीस तर खाच सैल होते, आणि सैल खाचेत रायफल रोज नव्या जागी बसते, मग नेम कितीही धर. नळी मोडते तिथं मात्र तिच्या दोन्ही बाजूंना कागद सरकेल एवढी फट ठेव. आपला पाऊस माहीत आहे तुला, जुलैत लाकूड फुगतं.

दस्ता काढलेला असताना रायफल ताणायची नाही. नळी मोडलेली असताना चाप ओढायचा नाही, नळी झटकन मिटते आणि बोट मध्ये असलं तर बोट जातं. छर्रा नसताना उडवायची नाही, दट्ट्या कोरडा आपटतो. काम करायच्या आधी नळीत छर्रा नाही हे डोळ्यांनी बघायचं, मामा म्हणाला म्हणून नाही.

शेवटी जवसाचं तेल, रंगाच्या दुकानातलं उकळलेलं. पातळ हात, एक दिवस वाळू दे, पुन्हा पातळ हात. तेलाचं फडकं बोळा करून टाकू नको, ते आपोआप तापून पेटतं. दोरीवर पसरून वाळव.

निपाणीची_नेमबाज :

तात्या, काजळाचं वाचून हसले. आमच्या घरी असं झालं असतं तर दस्ताच चुलीत गेला असता.

मी सरावाला कोल्हापूरला जाते, निपाणीहून चाळीसेक किलोमीटर. दहा मीटरवर एअर रायफलच्या निशाण्यात दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो, त्यामुळं दस्ता अंगाला बसतो की नाही हे आम्हाला दुसऱ्याच छर्र्याला कळतं. लाकूड कापायच्या आधी मामाचीच रायफल खांद्याला लाव, डोळे मिट, गाल टेकव आणि मग डोळे उघड. नेम समोर आला पाहिजे. मान वाकवावी लागली तर दस्त्याची गालाची बाजू तुझ्यापुरती खाली किंवा वर हवी. सायकलच्या ट्यूबचे तुकडे आणि पुठ्ठा बांधून आठवडाभर तसंच वापरून बघ, मग ते माप लाकडात उतरव. लांबी मोजताना दस्त्याची टाच, म्हणजे खांद्याकडचं टोक, कोपराच्या आतल्या वळणात टेकव, बोटाचं पहिलं पेर चापावर सहज आलं पाहिजे.

तात्यांशी एका ठिकाणी पटत नाही. जवसाचं तेल बाहेरून छान दिसतं, पण खाचेच्या आत आणि टाचेखालच्या उघड्या रेषांवर ते पुरत नाही. पाणी तिथूनच शिरतं. तिथं दोन हात वॉर्निश दे, दिसत नाही कुणाला. वजनाचंही बघ. स्पर्धेत साडेपाच किलोची मर्यादा आहे, पण मामाच्या रायफलीला शिसवाचा दस्ता घातलास तर उभं राहून दहा मिनिटांत खांदा बोलायला लागेल.

आणि ते अमेरिकन व्हिडिओ जरा कमी कर. राधानगरीच्या कांबळवाडीतल्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफलचं कांस्य आणलं, त्यानंही रायफल घरी बनवलेली नाही. खेळायचं असेल तर क्लबात ये.

खानापूरकर_पोरगा :

सगळ्यांना हात जोडतो. चोर्लेवाल्यांनी झोप उडवली, यादी फाडली.

शनिवारी खडेबाजारात गेलो. ६ आणि २० ची पटाशी, मरफा आणि धारेचा दगड घेतला. पंधरातले तेरा हजार अजून खिशात आहेत, घरी सांगितलं नाही. पाठ घासून घासून अंगठ्याचं कातडं गेलं, खरं आता त्यात दात दिसायलेत.

तात्या, पैज तुम्ही जिंकला, दोन स्क्रूंचे कान गेलेत. मामाची तार सोडली तर खाली चीर स्क्रूच्या भोकातून आरपार गेलीय. हा जुना दस्ता टाकून देऊ की चिकटवू? मामा म्हणतोय फेव्हिकॉल लाव आणि गप बस.

पॅटर्नवाले_तात्या :

टाकू नको, तोच तुझा पॅटर्न. खाच किती खोल, स्क्रू कुठं, सगळं त्याच्यावर लिहिलेलं आहे. मापापुरता उभा राहील एवढा चिकटव, उडवायला नको. मामाला सांग फेव्हिकॉल धरणार नाही, जुन्या रायफलीचं तेल वर्षानुवर्षं त्या चिरेत मुरलेलं असतं. चीर पाचरीनं थोडी उघड, थिनरमध्ये ब्रश बुडवून दोन-तीनदा धू, बाहेर उन्हात, आणि पूर्ण वाळल्यावर अराल्डाइट भर. वरून सायकलची ट्यूब ताणून गुंडाळ, रात्रभर राहू दे. तार परत मामाला दे.

वखारीत गेलास की पैसे द्यायच्या आधी फळीचा फोटो टाक. पुठ्ठा वर ठेवून, मानेतल्या रेषा दिसतील असा.